साध्या स्विचवर दोन लॅन पोर्ट एकत्र करता येतील काय?

प्रश्न : सांगलीतील आमच्या छपाई-डिझाइनच्या कार्यालयात फायली साठवण्यासाठी एक लिनक्स सर्व्हर असून त्याला एक गिगाबिटची दोन लॅन पोर्ट आहेत. हा सर्व्हर आणि आठ संगणक एकाच साध्या, कोणतेही सेटिंग नसलेल्या स्विचला जोडले आहेत. दोन्ही पोर्ट एकत्र करून बॉन्डिंगचा (अनेक पोर्ट एकच म्हणून वापरण्याच्या सोयीचा) राउंड-रॉबिन, म्हणजे दोन्ही पोर्टांवरून आळीपाळीने माहिती पाठवणारा, प्रकार लावला, तर फायली उतरवताना मध्येच अडखळू लागल्या. महागडा स्विच न घेता वेग दुप्पट करता येईल काय?

उत्तर : कोणत्याही एका संगणकाला दुप्पट वेग मिळणार नाही, मात्र आठ जण एकाच वेळी काम करत असताना होणारी कोंडी कमी करता येईल, आणि त्यासाठी स्विच बदलण्याची गरज नाही.

अडखळण्याचे कारण असे, की राउंड-रॉबिनमध्ये सर्व्हरची दोन्ही पोर्ट एकाच मॅक पत्त्याने (पोर्टच्या हार्डवेअर ओळखक्रमांकाने) बोलतात. कोणता मॅक पत्ता आपल्या कोणत्या पोर्टवर दिसला, याची नोंद ठेवूनच स्विच काम करतो; इथे तोच पत्ता त्याला घटकेत तिसऱ्या, तर घटकेत चौथ्या पोर्टवर दिसतो आणि नोंद सारखी बदलत राहते. शिवाय पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, क्रम सोडून पोहोचली, की ती हरवली असे समजून टीसीपी (माहिती नीट पोहोचली की नाही हे पाहणारी पद्धत) ती पुन्हा पाठवायला लावते. हा प्रकार नीट चालण्यासाठी स्विचमध्ये त्या पोर्टांचा गट बांधावा लागतो. बॉन्डिंगच्या प्रकारांना मोड म्हणतात; त्यांपैकी मोड ४ साठी स्विचला एलएसीपी (पोर्टांचा गट दोन्ही बाजूंनी आपसांत ठरवण्याची पद्धत) यावे लागते, आणि तेही साध्या स्विचला येत नाही.

आपल्यासाठी मोड ६, म्हणजे बॅलन्स-एएलबी, योग्य आहे. यात जाणारी वाहतूक दोन्ही पोर्टांवर वाटली जातेच; येणाऱ्या वाहतुकीसाठी सर्व्हर एआरपीच्या (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याच्या पद्धतीच्या) उत्तरात काही संगणकांना एका पोर्टचा, तर काहींना दुसऱ्या पोर्टचा मॅक पत्ता कळवतो. स्विचला या युक्तीचा पत्ताही नसतो. खात्री करायची असल्यास निरनिराळ्या संगणकांवरून सर्व्हरला पिंग करून ‘एआरपी -ए’ ही आज्ञा चालवावी : आयपी पत्ता तोच, पण मॅक पत्ता कुठे एक तर कुठे दुसरा दिसेल. येणाऱ्या वाहतुकीची ही वाटणी फक्त आयपीव्ही४ (आयपी पत्त्यांची जुनी आवृत्ती) साठी होते, हे ध्यानात ठेवावे. ‘एमआयआयमॉन’ हे बॉन्डिंगचे सेटिंग १०० ठेवावे, म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी केबलची तपासणी होईल. सर्व्हरवर ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच) करून आभासी यंत्रे, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने चालणारे अनेक संगणक, चालवत असाल, तर मात्र मॅक पत्त्यांची ही अदलाबदल डोकेदुखी ठरू शकते. तिथे मोड १ बरा. त्यात एक पोर्ट काम करते आणि दुसरे राखीव राहते. वेग वाढत नाही, पण दोन्ही केबल दोन निरनिराळ्या स्विचना लावून ते स्विच आपसांत एका केबलने जोडले, तर त्यांपैकी एक बंद पडला तरी सर्व्हर जाळ्यावर राहतो. माझ्या मते छोट्या कार्यालयाला वेगापेक्षा याचाच उपयोग अधिक होतो.

आता ‘दुप्पट’विषयी. एक जोडणी एका वेळी एकाच पोर्टवरून जाते आणि आपल्या संगणकांनाही प्रत्येकी एकच गिगाबिट पोर्ट असणार, त्यामुळे सेकंदाला १२५ मेगाबाइट ही कागदावरची मर्यादा कोणत्याही मोडने ओलांडता येत नाही. एखादीच मोठी फाइल झपाट्याने हलवायची असेल, तर सर्व्हरला आणि त्या संगणकाला अडीच गिगाबिटचे कार्ड व त्याच वेगाचा साधा स्विच घेणे सरळ पडते; हे मानक २०१६ मध्ये आले आणि त्याला कॅट-५ई केबल पुरते. पण खरेदीआधी सर्व्हरमधील डिस्क पाहावी. तिथे एकच फिरती हार्ड डिस्क असेल आणि तिच्यावर आठ जण एकदम तुटून पडत असतील, तर केबल कितीही रुंद केली तरी फायली डिस्कपाशीच अडतील.