हेडमध्ये तुटलेला मॅनिफोल्डचा स्टड कसा काढायचा?

तुमचा एम-८ स्टड (८ मिमी जाडीचा आट्यांचा दांडा) इंजिनच्या हेडच्या पातळीलाच तुटलाय, पकडायला टोक नाही. म्हणजे व्हाइस ग्रिपचा उपयोग नाही.

लगेच ड्रिल हातात घेऊ नका. आधी गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू द्या. मग वेल्डरला गाठा. तुटक्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्ड भरायचं, लाली उतरली की पान्हा लावून हळूहळू पुढे-मागे हलवत काढायचं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये ही युक्ती बहुतेक वेळा जमते. वेल्डची उष्णता थेट स्टडला बसते, त्याने गंजाची पकड सुटते आणि वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला सहसा चिकटत नाही. पहिला नट तुटला तर दुसरा लावा, त्यात काही बिघडत नाही. मात्र वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा, नाहीतर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जायची भीती.

वेल्डर मिळत नसेल तरच ड्रिल. अगदी मधोमध सेंटर पंच मारा, ३ मिमीपासून सुरुवात करा. उलट्या फिरकीचं बिट मिळालं तर उत्तम, कधीकधी ड्रिल करतानाच स्टड बाहेर येतो. इझी-आउटवर (तुटका स्टड उलटा फिरवून काढायच्या हत्यारावर) मात्र जोर करू नका. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं तर साधं ड्रिल त्याला लागत नाही आणि दुखणं दुप्पट होतं.

आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवता येतं. नवीन स्टडला तांब्याचं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा.