'क्यू स्पोर्ट्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: आशियाई क्रीडा स्पर्धेच्या पदकतालिकेत खेळाचं नाव 'क्यू स्पोर्ट्स' असं दिसतं, पण मराठी बातमीत तेच पदक कधी बिलियर्ड्सचं असतं, कधी स्नूकरचं. हे सगळं एकच का? आणि 'क्यू स्पोर्ट्स'ला मराठी शब्द आहे का?

एकच नाही. क्यू स्पोर्ट्स हे टेबलावर काठीने चेंडू मारायच्या खेळांच्या कुळाचं नाव. बिलियर्ड्स, स्नूकर, पूल आणि कॅरम (आपला सोंगट्यांचा नव्हे) ही त्यातली घराणी. 1998 साली बँकॉकला हे खेळ आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा आले, 2010 च्या ग्वांगझूपर्यंत टिकले आणि 2014 ला इंचॉनमध्ये वगळले गेले. ग्वांगझूत या एका नावाखाली दहा सुवर्णपदकं होती. म्हणजे 'क्यू स्पोर्ट्समध्ये सुवर्ण' एवढंच लिहिलं तर वाचकाला निम्मीच बातमी मिळते.

खरा घोळ 'बिलियर्ड्स' या शब्दाचा आहे, कारण तो दोन मापांचा आहे. संकुचित अर्थाने तो तीनच चेंडूंचा खेळ. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याला 'इंग्लिश बिलियर्ड्स' म्हणतात. पण व्यापक अर्थाने तो सगळ्या कुळाला लागतो. या खेळांच्या जागतिक शिखर संस्थेचंच नाव पाहा: वर्ल्ड कॉन्फेडरेशन ऑफ बिलियर्ड्स स्पोर्ट्स. तिच्या छत्राखाली स्नूकरही येतं. त्यामुळे 'स्नूकर हाही बिलियर्ड्सचाच प्रकार' असं म्हणणारा चुकत नाही आणि 'छे, दोन्ही वेगळे' म्हणणाराही चुकत नाही. वाद घालायला उत्तम विषय.

बातमीत मात्र हा फरक पाळायलाच हवा. बँकॉकला अशोक शांडिल्य यांनी एकेरीत सुवर्ण आणि गीत सेठी यांनी रौप्य मिळवलं, दुहेरीचं सुवर्ण दोघांनी मिळून घेतलं; हे सगळं इंग्लिश बिलियर्ड्समध्ये. पंकज अडवाणी यांची 2006 (दोहा) आणि 2010 ची सुवर्णंही इंग्लिश बिलियर्ड्सचीच. अडवाणी स्नूकरमध्येही जगज्जेते ठरले आहेत, म्हणून ही दोन पदकं सर्रास स्नूकरच्या खात्यावर टाकली जातात. याउलट आदित्य मेहता यांनी 2013 ला कोलंबियातल्या काली शहरात झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या स्पर्धेत) मिळवलेलं सुवर्ण स्नूकरचं. तिथे बावीस चेंडू, पंधरा लाल. त्या पदकाला 'बिलियर्ड्सचं सुवर्ण' म्हणणं व्यापक अर्थाने खपेल, पण वाचक संकुचित अर्थच घेणार.

आता मराठी शब्द. 'क्यू' म्हणजे चेंडू मारायची लांब काठी. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ शेपूट. आधी हा खेळ जाड डोक्याच्या दांड्याने खेळत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की तो दांडा उलटा धरून बारीक टोकाने, म्हणजे शेपटाने, मारत. पुढे शेपूटच काठी झालं. रांगेला आपण 'क्यू' म्हणतो तोही याच शेपटातून आला.

'यष्टिक्रीडा' हा शब्द सुचतो खरा, पण यष्टिरक्षक आणि यष्टिचीत यांमुळे यष्टी क्रिकेटने कधीच बळकावली आहे. 'दंडक्रीडा' म्हटलं की शिक्षा किंवा जोर-बैठका आठवतात. 'काठीचे खेळ' म्हणावं तर हॉकीवाले हक्क सांगतील. माझं मत स्पष्ट आहे: नवा शब्द पाडू नये. शीर्षकात 'क्यू स्पोर्ट्स' किंवा 'क्यू क्रीडाप्रकार' चालेल, मजकुरात नेमका खेळ लिहावा. खेळाडूसाठी '-पटू' आयता आहेच: बिलियर्ड्सपटू, स्नूकरपटू. 'क्यूइस्ट'ची गरज मला कधी भासली नाही, आणि 'क्यूपटू' तर रांगेत उभं राहण्यात तरबेज माणूस वाटतो.

दोन नावं मात्र जपून वापरा. 'कॅरम' लिहिलं की मराठी वाचकाला सोंगट्या आणि स्ट्रायकर दिसतात. ग्वांगझूतलं 'थ्री-कुशन कॅरम' हे खिसे नसलेल्या टेबलावरचं बिलियर्ड्स. तिथे 'थ्री-कुशन बिलियर्ड्स' लिहिलेलं बरं. आणि 'पूल' हा तर मराठीतला सर्वांत ओव्हरलोड झालेला शब्द: नदीवरचा पूल, पोहण्याचा पूल, शिवाय गटसाखळीतला 'पूल ब'. एकाच स्पर्धेच्या वार्तांकनात शेवटचे दोन हमखास येतात. म्हणून नुसतं 'पूल' न लिहिता 'एट-बॉल पूल', 'नाइन-बॉल पूल' असं पूर्ण नावच लिहावं.