बोटांनी वाचायची चित्रं

प्रश्न: माझ्या भाचीला दिसत नाही, ब्रेल मात्र मस्त वाचते. विज्ञानाच्या पुस्तकातली हृदयाची आकृती जशीच्या तशी उठावाची करून दिली तर चालेल का?

उत्तर: जशीच्या तशी नको ताई. डोळ्याला अख्खं चित्र एकदम दिसतं, बोटाला ते तुकड्यातुकड्यांनी कळतं आणि मग मनात जोडावं लागतं, त्यामुळे गर्दी झाली की सगळाच गोंधळ. आधी ठरवा की तिला यातून नेमकं काय कळायला हवं. चार कप्पेच शिकवायचेत ना, मग शेडिंग, बारीक शिरा सगळं सरळ काढून टाका, दोन रेषांमध्ये निदान ३ मिलिमीटर जागा ठेवा आणि डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या पोताने दाखवा, एक गुळगुळीत एक खरखरीत. ब्रेल मात्र जागा नाही म्हणून बारीक करता येत नाही, ठिपके कळेनासे होतात, म्हणून नावांच्या जागी एकदोन अक्षरं द्या आणि त्यांची यादी वेगळ्या कागदावर.

सुरुवातीला जाड कागदावर दोरा, सॅंडपेपर चिकटवलं तरी भागतं. पुढे स्वेल पेपर बघा, त्यावर काळ्या शाईने काढून खास हीटरमधून नेला की काळा भाग फुगून वर येतो. आणि तपासायला तिलाच द्या हो, आपण डोळे मिटून हात फिरवणं म्हणजे तपासणी नव्हे.