फुकट नेतात म्हणे

समुपदेशनाला येणाऱ्या बायकांचा एक प्रश्न मला आता तोंडपाठ झाला आहे. "बहीण दुबईकडे कामाला जाते म्हणतेय. नेणारी बाई ओळखीची आहे, एक पैसा मागत नाही. तरी मन धजत नाही. अडवलं तर आमच्याशी बोलणं टाकते. काय करू?" बहिणीच्या जागी कधी सून असते, कधी लेक. बडोद्यात गल्लीगल्लीतून कुणी ना कुणी परदेशी गेलेलं असतं, त्यामुळे 'नको जाऊस' म्हणणारा माणूसच मागासलेला ठरतो.

अशाच दोघी बहिणींची ही गोष्ट, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून. मोठी दांडिया बाजाराच्या बाजूला घरोघरी पोळ्या करते. धाकटी, तिला इथे रेखा म्हणू, २७ वर्षांची, नवऱ्याने सोडलेली, शिक्षण आठवी. ती आणि तिचा लहान मुलगा मोठीच्या एका खोलीत राहत होते. मोठीला मी म्हटलं, अडवायचं की नाही ते नंतर बघू, आधी तिला घेऊन या. आणि आणताना रागावू नका.

रेखा आली ती हाताची घडी घालूनच. "तुम्ही पण जाऊ नको म्हणणार ना?"

मी विचारलं, "गेलीस तर काय काय करायचंय?" त्यावर ती मोकळी झाली. मुलाला चांगल्या शाळेत घालायचंय. वेगळी खोली घ्यायचीय. भाऊजी वाईट नाहीत, पण रात्री अंथरुणं पडायच्या वेळी ते काही न बोलता बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, ते तिला रोज टोचत होतं. मोठीला याचा पत्ताच नव्हता. ती डोळे पुसत राहिली. माझं मत विचाराल तर दलालाचं निम्मं काम घरातली अशी घुसमटच करून ठेवते. "तुझं कोण आहे इथे?" एवढं गोड बोलून म्हटलं की पुरतं.

मग कामाचं विचारलं. ओमानमध्ये घरकाम, महिना ३० हजार, राहणं-खाणं मालकाचं. तिकीट आणि व्हिसा ती नेणारी एजंट बाई, म्हणजे 'बेन', करणार. व्हिसा मात्र दुबईचा, फिरायला जाण्याचा. पुढे ओमानला न्यायचं तिथलं कुणीतरी बघणार. "माझं वय कमी पडतं ना, म्हणून क्लिअरन्सची कटकट नको, बेन म्हणाल्या. विमानतळावर सांगायचं, मावसबहिणीकडे चालले."

रेखाला हा बेनचा उपकार वाटत होता. म्हणून ते क्लिअरन्स म्हणजे काय, हे मी तिला नीट समजावलं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआरचा, म्हणजे नोकरीसाठी देश सोडण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक असल्याचा, शेरा असतो. असा पासपोर्ट घेऊन आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर १९८३च्या उत्प्रवास (इमिग्रेशन नव्हे, एमिग्रेशन) कायद्याखाली सरकारी मंजुरी लागते, तेच हे क्लिअरन्स. ३० वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी ती मिळतच नाही. तिशीपुढच्या बायकांची भरतीही सरकारी संस्थांमार्फतच करायची, असं २०१६ मध्ये ठरलं. मंजुरीच्या कागदात मालकाचं नाव, पगार, करार सगळं नोंदलेलं असतं. फिरायच्या व्हिसावर गेलेली बाई सरकारच्या वहीत नोकरीला गेलेलीच नसते. चार महिने पगार मिळाला नाही तर ती कुणाच्या नावाने तक्रार करणार? बेनने चुकवलेली कटकट म्हणजे रेखाच्या हातातला एकुलता एक पुरावा होता.

"पण ताई, फुकट नेतात," ती म्हणाली.

फुकट या शब्दाला मी सगळ्यात जास्त भिते. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, आणि त्याने पावती द्यायची असते. काहीच न घेणारा आपले पैसे तिकडच्या मालकाकडून वसूल करतो. मग काम झेपेना, घरी जायचंय म्हटलं की मालक म्हणतो, तुझ्यासाठी इतके मोजलेत, ते टाक आणि जा. पासपोर्ट त्याच्या कपाटात असतो. राहण्याचा परवाना, झालाच तर, त्याच्याच नावाशी बांधलेला. न सांगता घर सोडलं तर बाई पळाली अशी तक्रार तोच करू शकतो. न घेतलेलं कर्ज बाई अशी फेडत बसते.

मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, बेनला फोन लाव. स्पीकरवर रेखानेच विचारलं: मालकाचं नाव काय, करार कुठे आहे, तुमचा लायसन्स नंबर किती? नंबर मिळाला असता तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तिथल्या तिथे ताडून पाहता आला असता. पलीकडून उत्तर आलं, "एवढा भरोसा नसेल तर रहने दे, दहा बायका तयार आहेत. शुक्रवारचं तिकीट आहे."

गंमत अशी की रेखा चिडली ती आमच्यावर. तुमच्यामुळे काम गेलं म्हणाली आणि उठून गेली. हे बरेचदा होतं. स्वप्न मोडल्याचा राग जवळच्या माणसावरच निघतो. मोठीला एवढंच सांगितलं की घरी या विषयावर आठ दिवस एक अक्षर काढू नका.

आठवडा व्हायच्या आत रेखा एकटीच आली. पासपोर्ट बेनकडे अडकला होता, आणि तिला वेगळीच भीती होती. "खोटं सांगायला मी तयार झाले होते, म्हणजे मीही गुन्हेगार ना?" तिकडे अडकलेल्या बायका महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत, त्यामागे पुष्कळदा हीच लाज असते. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ याबाबत स्पष्ट आहे: शोषणासाठी फसवून किंवा आमिष दाखवून नेलं असेल तर बाईची संमती होती की नाही, याने गुन्हा ठरवताना फरक पडत नाही. पासपोर्टचं म्हणाल तर तो सरकारच्या मालकीचा, बेनच्या नव्हे. १८१ वर, म्हणजे आपल्या गुजरातच्या अभयम महिला हेल्पलाइनला, फोन केला, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. दुसऱ्या संध्याकाळी बेनचा भाचा पासपोर्ट देऊन गेला.

ज्यांच्या घरची बाई आधीच गेली आहे, त्यांनी तिला ओरडून फोन बंद पाडू नये. तिचं लोकेशन, मालकाचं नाव, पासपोर्ट-व्हिसाचा फोटो गोळा करावा. इथूनच परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकता येते, किंवा १८०० ११ ३०९० वर बोलता येतं. तिने कुठेही पळण्यापेक्षा भारतीय दूतावास गाठावा.

रेखाने परदेशाचा विचार सोडलेला नाही, आणि मीही तिला सोड म्हटलेलं नाही. तिने मुक्त विद्यालयातून दहावीचा फॉर्म भरलाय, कारण दहावी झाली की ईसीआरचा शेरा काढून घेता येतो. शेरा गेला की सरकारी चाळणीही जाईल, मग करार तुलाच तपासावा लागेल, हे मी तिला बजावून ठेवलंय. तूर्तास ती एका डब्याच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. भाऊजींनी ओट्याला पत्रे ठोकून तिला आडोसा करून दिला. गणित तिला अजिबात जमत नाही, असं मोठी सांगते.