कार्यवाहपद घ्यावं, नोकरी सोडू नये

प्रश्न : माझी मुलगी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. आहे. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत दीड वर्षापासून प्रकल्प सहायक म्हणून काम करते आणि वर्तमानपत्रांत विज्ञानावर लेख लिहिते. आता दहा-बारा लेखकांनी मिळून विज्ञानलेखकांची व्यावसायिक संघटना काढायचं ठरवलंय आणि हिला कार्यवाह केलंय. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करणार म्हणते. याला करिअर म्हणायचं का? – एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : आधी हिशोब करू. चाळीस सभासद मिळाले आणि वर्गणी हजार रुपये ठेवली, तर वर्षाचे झाले 40,000. त्यातून ऑडिटरची फी, सभागृहाचं भाडं आणि चहा वजा करा. उरेल त्यात मुलीचा दोन महिन्यांचा पगारही निघणार नाही. अमेरिकेत विज्ञानलेखकांची राष्ट्रीय संघटना 1934 मध्ये डझनभर पत्रकारांनी काढली. तिथे आज पगारी कर्मचारी आहेत, पण मागे हजारांनी सभासद आणि कित्येक दशकं आहेत. तेव्हा राजीनामा दिला नसेल तर तूर्त देऊ नये. पद मात्र जरूर घ्यावं.

तिला एक अवघड प्रश्न विचारा. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून आहे, मग आणखी एक संस्था कशाला? ‘विज्ञानप्रसारासाठी’ असं उत्तर आलं, तर माझ्या मते घाई होतेय. प्रसाराचं काम परिषद करतेच. लेखकाच्या धंद्याचं काम वेगळं असतं : मानधन किती, कधी मिळणार, नाव छापणार का, लेख दुसरीकडे वापरला तर काय. एक उदाहरण देतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरून लिहिणाऱ्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतःच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हे किती लेखकांना माहीत असतं? संघटनेनं एक पानी करारनामा तयार करून सभासदांच्या हातात ठेवला, तरी पहिलं वर्ष सार्थकी लागलं समजा. त्यापुढे चर्चासत्र वगैरे झालं तर उत्तम, नाही झालं तरी चालेल.

दुसरी गाठ सभासदत्वाची. पुण्यात आयुका, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, उष्णदेशीय हवामान संस्था अशी संशोधन संस्थांची रांगच आहे. अशा ठिकाणी जनसंपर्क सांभाळणारी माणसंही विज्ञानावरच लिहितात, आणि छान लिहितात. पण उद्या त्याच संस्थेवर टीका करणारा लेख आला, तर ती माणसं कोणाच्या बाजूची? त्यांना सभासद करून घ्यावं, असं मला वाटतं. अध्यक्ष आणि कार्यवाह मात्र स्वतंत्र लेखकच असावेत, आणि हे संघटनेच्या घटनेत आत्ताच लिहून टाकावं. नंतर लिहायला गेलं की ते कुणा एकाविरुद्ध लिहिल्यासारखं दिसतं.

‘आजीव सभासद’ हा आपल्याकडचा आवडता सापळा. पहिल्या वर्षी एकरकमी पैसे येतात, समारंभ होतो, आणि मग तीस वर्षं त्या लोकांना अंक पाठवत बसायचं. वार्षिक वर्गणीच ठेवा. दर एप्रिलला फोन करून पैसे मागायला लाज वाटते, पण संघटनेचा लोकांना उपयोग होतोय का, हे त्या फोनवरच कळतं.

नोंदणीला किमान सात जण लागतात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवली की महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त नोंदणीही आलीच. इथे माझीच एक गोष्ट सांगतो. मी एका छोट्या संस्थेचा खजिनदार होतो. कार्यकारिणी बदलली, हारतुरे झाले, पेढे वाटले. नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, तो ‘पुढच्या आठवड्यात’ देऊ म्हणता म्हणता राहिला. मग बँकेनं नव्या सह्या स्वीकारल्या नाहीत. जुने कार्यवाह मुलाकडे परदेशी गेलेले. आठ महिने खात्यात पैसे असून हॉलचं भाडं मी खिशातून भरलं, आणि घरी काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

हे सगळं रटाळ वाटेल. खरं सांगायचं तर संघटना चालवणं म्हणजे हेच. सभेची सूचना मुदतीत काढणं, गणसंख्या भरली नाही म्हणून अर्धा तास तहकूब करून पुन्हा सुरू करणं, रुसलेल्या ज्येष्ठ लेखकाला फोन करणं, इतिवृत्तात भांडण न येऊ देता निर्णय आणणं. पण ज्याला हे जमतं त्याला संशोधन संस्थांचे प्रसार विभाग, सामाजिक संस्था, प्रकाशनगृहं शोधत असतात. चांगलं लिहिणारे बरेच भेटतात. चांगलं लिहून हिशोबही चोख ठेवणारे मला फार भेटलेले नाहीत. तुमच्या मुलीच्या करिअरचा धागा इथे आहे.

आता ‘सरकारी विज्ञानप्रसारातच चिकटावं’ असं तुमच्या मनात येत असेल, तर केंद्र सरकारनं 1989 मध्ये सुरू केलेली ‘विज्ञान प्रसार’ ही संस्था 2023 मध्ये बंद झाली, हेही लक्षात घ्या.

दोन वर्षं तिनं नोकरी आणि कार्यवाहपद बरोबर करावं. शनिवारची सकाळ संघटनेची, असं घरात ठरवून टाका, आणि त्या वेळी तिला लग्नकार्याच्या याद्या करायला बसवू नका. दोन वर्षांनी सभासदांनी वर्गणी न मागता भरली, तर अर्धवेळ मानधनाचा ठराव तिनं सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. स्वतःच्या मानधनाच्या चर्चेच्या वेळी बाहेर जाऊन बसावं, तेवढंही इतिवृत्तात नोंदवावं.

त्या दहा-बाराजणांच्या पहिल्या बैठकीचं इतिवृत्त कुणी लिहिलंय का, ते तिला विचारा. लिहिलं नसेल तर आज रात्री बसून लिहू दे. कोण काय म्हणालं ते अजून आठवत असेल.