'वॉट' दिसला की आधी काळ तपासा

जुनं इंग्रजी वाचायला घेतलंत, छान. 'विट' या क्रियापदाने गोंधळ होतोच. अर्थ एकच: माहीत असणे. सुरुवातीला तीन रूपं पुरेत.

- मूळ रूप 'विट'
- वर्तमान 'वॉट' (wot): 'आय वॉट' म्हणजे मला माहीत आहे
- भूतकाळ 'विस्ट': मला माहीत होतं

पहिली चूक 'वॉट' भूतकाळी समजण्याची. ठेवण भूतकाळाची आहे खरी, पण अर्थ वर्तमानाचा. मुळात 'पाहिलं आहे, म्हणून ठाऊक आहे' असा भाव. आपण नाही का आत्ता समजलेल्या गोष्टीला 'कळलं!' म्हणतो, तसंच. संस्कृतातलं 'वेद', म्हणजे 'मी जाणतो', हे याचं सख्खं भावंड. तेही रूपाने भूतकाळी, अर्थाने वर्तमान. कॅन, मे, शॅल याच कुळातले. म्हणून 'ही कॅन'सारखंच 'ही वॉट' लिहा, शेवटी 'स' जोडू नका. (जुन्या नाटकांत क्वचित जोडलेला दिसेल, तूर्त सोडून द्या.)

दुसरी चूक जास्त फसवी: 'आयविस'. हे तोडून 'मला माहीत आहे' असं लावू नका. ते 'खचित' अर्थाचं क्रियाविशेषण आहे. पुढे छापणाऱ्यांनीच ते 'आय विस' असं तोडलं आणि भले भले फसले.

सरावाला १६११चं इंग्रजी बायबल घ्या. लूक २:४९ मध्ये बारा वर्षांचा येशू 'विस्ट यी नॉट' विचारतो: तुम्हाला माहीत नव्हतं का?

कायद्याच्या कागदांतलं 'टु विट'चा अर्थ 'म्हणजेच'. तिथे क्रियापद शोधत बसू नका.