हॉस्टेल नसलेल्या विदर्भात कमी पैशांत एकट्याने फिरताना सहप्रवाशांशी मैत्री कशी होईल?

तुम्ही लिहिले आहे की दारव्ह्याजवळच्या खेड्यातून पाठीवर एक पिशवी घेऊन एकट्याने विदर्भ पाहायला निघायचे आहे. पैसे जेमतेम आहेत, गावातले मित्र यायला तयार नाहीत, आणि गोव्याला किंवा हिमाचलात प्रवाशांच्या ओळखी जशा हॉस्टेलांमध्ये होतात तशी सोय आपल्याकडे नाही, मग सोबती भेटणार कुठे, असा तुमचा प्रश्न आहे. मी कारंजा तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि सुट्ट्यांमध्ये एसटीने किंवा रेल्वेच्या जनरल डब्यातून फिरते. माझ्या मते हॉस्टेल नसण्याने फारसे अडत नाही. जिथे अनोळखी माणसांना एकत्र थांबावे लागते, एका पंगतीत जेवावे लागते किंवा एकाच गाडीचे भाडे वाटून घ्यावे लागते, तिथे ओळख होतेच, आणि कमी पैशांचा प्रवास आपल्याला नेमका अशाच ठिकाणी नेतो. त्या ओळखीची पुढे मैत्री होते की नाही, हे मात्र पुष्कळदा पैशाच्या व्यवहारावर ठरते. त्याविषयी लोक संकोचाने बोलत नाहीत, म्हणून खाली त्यावरच मी जास्त लिहिले आहे.

आधी मुक्कामाचे पाहू. शेगावला गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात अल्प दरात राहता येते आणि दुपारचा महाप्रसाद विनामूल्य असतो. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास शेजारी उभे राहिलेले लोक पुढे पंगतीतही बहुधा शेजारीच येतात, तोवर कोण कुठून आले, कुठे जाणार, हे सारे बोलून झालेले असते. सेवाग्रामची गोष्ट वेगळी आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, त्या आश्रमात आजही सकाळ-संध्याकाळ मोकळ्या जागेत प्रार्थना होते आणि समोरच्या यात्री निवासात साधी, स्वस्त सोय आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लोक लगेच उठून जात नाहीत. कोणी बिहारहून आलेला कार्यकर्ता असतो, कोणी सायकलवरून देश पाहणारा विद्यार्थी असतो, आणि दुसऱ्या दिवशी पवनारला विनोबांचा आश्रम पाहायला जायचे असेल तर सोबती तिथल्या तिथे ठरतो. पवनारचा आश्रम वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठी आहे.

तुम्ही विद्यार्थी आहात, म्हणून एक ठिकाण मुद्दाम सुचवते. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी उभा केलेला प्रकल्प आहे. तिथे मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरते आणि राज्यभरातून तरुण मुले-मुली येतात. सकाळी घमेली-फावडी घेऊन श्रमदान, नंतर व्याख्याने, चर्चा, गाणी, असा दिवस असतो. हा नुसता प्रवास नव्हे हे मला मान्य आहे, पण एकत्र घाम गाळल्यावर जी ओळख होते ती तासभराच्या गप्पांनी होत नाही, आणि छावणीत भेटलेल्या एखाद्याबरोबर पुढची भटकंती ठरवणे फार सोपे जाते.

आता गाड्यांविषयी. विदर्भातील पाहण्यासारखी बरीच ठिकाणे एसटीच्या थांब्यापासून दूर आहेत, आणि तिथे एकट्या माणसाचे पैसे सर्वांत जास्त जातात. चिखलदऱ्याला परतवाड्याहून एसटीने स्वस्तात पोहोचता येते, पण गाविलगड, भीमकुंड, देवी पॉइंट ही ठिकाणे इतकी विखुरलेली आहेत की ऑटो किंवा जीप केल्याशिवाय एका दिवसात ती होत नाहीत. ताडोब्यातही तसेच आहे. जिप्सीत सहा पर्यटक बसू शकतात आणि भाडे गाडीचे असते. एकजण बसला तरी तेवढेच, सहाजण बसले तरी तेवढेच. अशा ठिकाणी परक्या माणसाशी बोलायला कारण शोधावे लागत नाही. परतवाड्याच्या बसस्थानकावर चिखलदऱ्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत पाठीवर पिशवी असलेला कोणी दिसला तर सरळ विचारावे, "भाऊ, वर जाऊन ऑटो करणार आहात का? मी एकटाच आहे, भाडे अर्धे-अर्धे करू." या विचारण्यात लाचारी नाही, कारण त्यात समोरच्याचेही पैसे वाचतात. अशाच एका गाडीत मला वरुडचे एक निवृत्त लाइनमन आणि त्यांच्या पत्नी भेटल्या. दिवसभर आम्ही एका ऑटोतून फिरलो, पाचबोल पॉइंटवर त्यांनी डब्यातली भाकर-चटणी माझ्यापुढे केली, आणि तेव्हापासून संत्र्याच्या बहारात त्यांच्या मळ्यावर जाणे हा माझ्या वर्षाचा भाग झाला आहे. त्या दिवशी मी त्यांना माझ्या वाट्याचे भाडे ऑटोतून उतरण्याआधीच दिले होते. काकांनी नको म्हटले, तरी मी आग्रहाने दिले. मी त्यांचे ओझे नाही, हे त्यांना कळल्यामुळेच दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोकळेपणाने पुन्हा सोबत बोलावले, असे मला मनापासून वाटते.

त्यामुळे पैशाचा विषय पहिल्याच अर्ध्या तासात, स्पष्ट आणि हसतमुखाने काढावा, असा माझा आग्रह आहे. "माझे दिवसाचे इतकेच पैसे आहेत, त्यामुळे मी हॉटेलात जेवणार नाही, पण गाडीच्या भाड्यात बरोबरीने वाटा देईन," एवढे एक वाक्य पुरते. ते न बोलता आपण गटासोबत निघालो की पहिल्या ढाब्यावरच पंचाईत होते. बाकीचे पनीर मागवतात, बिल समान वाटले जाते, आपण मनात कुढतो आणि संध्याकाळपर्यंत चिडचिड सुरू होते, ज्यात खरे तर कोणाचाही दोष नसतो. दोघांहून अधिक जण असतील तर सकाळीच प्रत्येकी सारखी कॉन्ट्री काढून एकाच्या हाती द्यावी. भाडे, चहा आणि प्रवेशशुल्क त्यातून जावे, जेवण ज्याचे त्याने करावे, आणि उरलेले पैसे रात्री झोपण्याआधी वाटून टाकावेत. हिशेब दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, कारण दुसऱ्या दिवशी कोणाची गाडी पहाटेची असते आणि मग चाळीस-पन्नास रुपयांसाठी फोन करणे दोघांनाही अवघड वाटते. मेळघाटात सेमाडोह, कोलकास या भागात मोबाइलचे नेटवर्क भरवशाचे नसते, त्यामुळे सुटे पैसे जवळ ठेवावेत. "फोनपे करतो नंतर" असे म्हणणारा माणूस वाईट नसला तरी तसे म्हणण्याची वेळ आपल्यावर येऊ देऊ नये. आणि कोणी प्रेमाने चहा पाजला तर तो नाकारू नये. पुढच्या थांब्यावर चहा आपण सांगावा, म्हणजे झाले.

बोलण्याची सुरुवात कशी करावी, याची चिंता आपल्या भागात करण्याचे कारणच नाही. एसटीत बसल्यावर पाच मिनिटांत कोणीतरी "कोन्या गावचे हो भाऊ?" असे विचारतेच. या प्रश्नाला तुटक उत्तर देऊ नये. गाव सांगावे, तालुका सांगावा, यंदा कापूस कसा आहे, सोयाबीनला काय भाव मिळाला, हे बोलावे. त्यातून नात्यागोत्याचा नाही तर निदान ओळखीचा एखादा दुवा निघतोच. मात्र पुढे आडनावावरून जात काढण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती प्रवासात तरी आपण स्वतःहून पाळू नये. शेजारी बसलेला माणूस कोण आहे हे त्याच्या वागण्यावरून कळू द्यावे. मेळघाटात कोरकू आदिवासी बांधव सहप्रवासी असतील तर त्यांच्याशी आदराने, एका प्रवाशाने दुसऱ्याशी बोलावे तसे बोलावे आणि विचारल्याशिवाय त्यांचे फोटो काढू नयेत. हे सांगावे लागते याचे मला वाईट वाटते, पण बाहेरून आलेले लोक असे करताना मी पाहिले आहे.

तुमच्यासारखा हा प्रश्न मुलींच्याही मनात असणार, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे एकटीने फिरणे पूर्वीपेक्षा परवडू लागले आहे आणि गाड्यांमध्ये एकट्या बायकाही जास्त दिसतात. मी सोबत शोधताना आधी कुटुंबाशी किंवा बायकांच्या गटाशी बोलते. फिरणे एकत्र आणि मुक्काम वेगळा, हा माझा नियम आहे, आणि तो मी कोणाच्याही चांगुलपणासाठी मोडत नाही. कोणाबरोबर कुठे निघाले, गाडीचा क्रमांक काय, हे घरी कळवते, आणि तेही त्या सोबत्यांच्या समोरच, उघडपणे कळवते. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. तुम्हीही पहिल्या भेटीत खोली वाटून घेण्याची घाई करू नये. भाड्याचे पैसे वाचतात खरे, पण ज्याच्याबरोबर एक दिवसही फिरलो नाही त्याच्या भरवशावर पिशवी आणि पाकीट ठेवून झोपणे बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट, जी तरुणांना लवकर पटत नाही. सोबती मिळाला म्हणून संपूर्ण प्रवास त्याच्यासोबतच करण्याची गरज नसते. लोणारला तुम्हाला दैत्यसूदन मंदिरातील शिल्पे निवांत पाहायची असतील आणि सोबत्याला फक्त सरोवराच्या काठावर फोटो काढायचे असतील, तर "संध्याकाळी बसस्थानकावर भेटू" असे सांगून वेगळे व्हावे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याच्या काठाने एकट्याने फिरायला हरकत नाही, पण धार नावाच्या झऱ्याजवळच्या पायऱ्यांनी खाली झाडीत उतरायचे तर दोघे-तिघे असलेले बरे. म्हणजे सोबत नेमकी कुठे लागते हे ठरवून ती तेवढ्यापुरती घ्यावी. अशी मोकळीक दिलेली माणसे पुढच्या सुट्टीत आपणहून फोन करतात.

पहिल्या प्रवासासाठी दिवाळीनंतरचे दिवस निवडा, कारण उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडवत नाही आणि कोणाला बोलावेसेही वाटत नाही. दारव्ह्याहून कारंजामार्गे मूर्तिजापूरला यावे, तिथून रेल्वेने अकोल्यावरून शेगाव गाठावे, मग खामगाव आणि मेहकर करत लोणारला जावे. परत येताना मेहकर, मालेगाव, शेलूबाजार या रस्त्याने कारंजाला उतरता येते. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही सवलत ४ किंवा ७ दिवसांच्या पासावर मिळते. दारव्ह्याच्या आगारात सध्याचा दर विचारा आणि तुमच्या मार्गाच्या सुट्या तिकिटांची बेरीज करून पाहा, कारण लहान फेरीत कधी कधी सुटी तिकिटेच स्वस्त पडतात. आणि पास काढलाच, तर वाटेत भेटलेल्या एखाद्या सोबत्याने सिंदखेडराजाला चला म्हटले की वेगळे तिकीट न काढता त्याच्याबरोबर जाता येईल.